चेसिस नंबर जुळतो, तरी इंजिन मूळचं नाही: एका आर३२ स्कायलाइनचा तपास

सुरुवात ब्रेक पॅडपासून झाली. मित्राने जपानहून आलेली जुनी निसान स्कायलाइन घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं: १९९२ ची जीटीएस-टी टाइप एम, मूळचंच टर्बो इंजिन, मूळचाच पाच गिअरचा मॅन्युअल. गाडी चालायला सुरेख होती. पहिल्या सर्व्हिसला त्याने चेसिस नंबर देऊन पुढचे ब्रेक पॅड मागवले आणि आले ते बसेनात. आकारच वेगळा. त्याला वाटलं, दुकानाने चूक केली. बदलून मागवले, पुन्हा तेच आले. मग त्याचा मला फोन आला: "अरे, चेसिस नंबर पाहून पाठवतात, मग दोनदा चुकतात कसे?"

ते चुकत नव्हते. कॅटलॉग त्या नंबरच्या गाडीला जे लागतं तेच पाठवत होता. प्रश्न गाडीवर जे बसलं होतं त्याचा होता.

टाइप एमला, म्हणजे टर्बोच्या जीटीएस-टीच्या स्पोर्ट प्रकाराला, पुढे चार पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारे भाग) आणि पाच बोल्टची चाकं येतात. मित्राच्या गाडीवर दोन्ही होती. म्हणजे डोळ्यांना गाडी टाइप एम दिसत होती आणि कॅटलॉग तिला टाइप एम मानत नव्हता. या दोघांपैकी खरं कोण, हे ठरवायला मला तीन रविवार लागले. सगळा क्रम इथे देतोय, कारण जपानी गाडीची ओळख पटवताना लोक जिथे हमखास थांबतात, तिथून पुढे जावं लागलं.

लोक थांबतात ते चेसिस नंबरापाशी. मित्रही तेच म्हणत होता. "नंबर एचसीआर३२ ने सुरू होतो. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पंच केलेला, पाटीवरचा आणि कागदावरचा, तिन्ही जुळतात. आणखी काय बघायचं?"

जपानच्या देशी बाजारासाठी बनलेल्या त्या काळच्या गाड्यांना सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसतो. मॉडेलचा कोड, मध्ये आडवी रेघ आणि पुढे क्रमांक, एवढंच. त्यात बनावटीचं वर्ष नसतं, कारखान्याची खूण नसते, पडताळणीचा अंकही नसतो. सतरा खणांचा फॉर्म घेऊन बसलात तर हाती काही लागत नाही. काही देशांत आयातीनंतर नवा सतरा अंकी नंबर देतात. न्यूझीलंडमधला ७ए८ ने सुरू होणारा नंबर त्यातलाच. पण तो नंबर आयातीच्या वेळी दिलेला असतो, त्यातून गाडीचं मूळ मॉडेल उलगडत नाही. उलगडायचा तो जपानी कोड.

आर३२ चा कोड वाचायला सोपा आहे. पहिलं अक्षर इंजिनच्या घराण्याचं: एफ म्हणजे सीए१८, एच म्हणजे आरबी२०, ई म्हणजे आरबी२५, बी म्हणजे आरबी२६. मधलं सी म्हणजे हायकास, मागची चाकं थोडी वळवणारी यंत्रणा. एन म्हणजे चारही चाकांना ताकद. आर म्हणजे स्कायलाइन, ३२ म्हणजे पिढी. त्यामुळे एफआर३२ ही १८०० सीसीची साधी गाडी, एचएनआर३२ म्हणजे जीटीएस-४ आणि बीएनआर३२ म्हणजे जीटी-आर. अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही इथेच सांगतो. बीएनआर३२ ला हायकास असूनही कोडात सी नाही. पुढच्या पिढीच्या जीटी-आरला सी आलं, बीसीएनआर३३ झालं. त्याच्या पुढच्या बीएनआर३४ मधून ते पुन्हा गेलं.

आता एचसीआर३२ बघा. आरबी२० घराणं, हायकास, स्कायलाइन. टर्बो कुठे लिहिलंय? कुठेच नाही. एच हे अक्षर १९९८ सीसीच्या सगळ्या आरबी२० ना लागू आहे. त्यात टर्बोचं २१५ अश्वशक्तीचं आरबी२०डीईटी येतं, तसं बिनटर्बोचं १५५ अश्वशक्तीचं आरबी२०डीईसुद्धा. हायकास असलेली साधी जीटीएस आणि जीटीएस-टी टाइप एम, दोघींचा कोड एचसीआर३२ च. पुढच्या पिढ्यांत ईसीआर३३ आणि ईआर३४ चंही असंच आहे, टर्बो आणि बिनटर्बो एकाच कोडाखाली. टोयोटाची जेझेडएक्स१००सुद्धा १जेझेड-जीई आणि १जेझेड-जीटीई या दोन्ही इंजिनांसह निघाली. उलट टोयोटाच्या एई८५ आणि एई८६ मध्ये कोडच वेगळा आहे. पहिली १५०० सीसीची, दुसरी १६०० सीसीच्या ४ए-जीई इंजिनाची. तिथे इंजिन बदललं तरी चेसिस नंबर लगेच चुगली करतो. आर३२ मध्ये तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यालाच लोक होकार समजतात.

मित्राला हे पटायला वेळ लागला. तिन्ही नंबर जुळतात म्हणजे गाडीची बॉडी बदललेली नाही, नंबराशी छेडछाड नाही, एवढंच सिद्ध होतं, आणि तेही लहान नाही. पंच केलेल्या नंबराभोवती वेल्डिंगची खूण आहे का, अक्षरांची उंची आणि अंतर सारखं आहे का, रंगाखाली पुटी भरली आहे का, हे मी आधी पाहिलं होतं. तिथे काही संशयास्पद असतं तर पुढचा तपास मी केलाच नसता, गाडी थेट संबंधित खात्याकडे न्यायला सांगितली असती. तसं काही नव्हतं. बॉडी स्वच्छ होती. प्रश्न तिच्या आत काय होतं हाच होता.

मग इंजिनचा नंबर. जॅकस्टँडवर गाडी चढवून ब्लॉकवरचं तेल-मातीचं थर साफ केलं. मशीन केलेल्या सपाट जागेवर आरबी२० आणि पुढे सहा आकडे. मित्राचा चेहरा खुलला. पण निसान ब्लॉकवर घराण्याचंच नाव ठोकते. डीई असो वा डीईटी, ब्लॉकवर आरबी२० च येतं. पुढचे सहा आकडे कशाशी ताडून पाहायचे? जपानच्या नोंदणीत इंजिनचा प्रकार लिहितात, इंजिनचा वैयक्तिक क्रमांक लिहीतच नाहीत. म्हणून या गाड्यांबद्दल "इंजिन नंबर कागदाशी जुळतो" असं कोणी म्हणालं, तर कागदावरच्या कोणत्या रकान्याशी जुळतो ते विचारा. तो रकाना फक्त "आरबी२०" एवढंच सांगत असतो. जुळणारच तो.

दुसऱ्या रविवारी कागद घेऊन बसलो. जपानमधून गाडी कायमची बाहेर जाताना नोंदणी रद्द करून निर्यातीचं प्रमाणपत्र देतात. मित्राकडे त्याची प्रत होती आणि सोबत कोणीतरी केलेलं भाषांतर. भाषांतरात पहिल्या नोंदणीचं वर्ष १९९२ होतं. मूळ जपानी कागदावर होतं हेइसेइ २, म्हणजे जपानी सम्राटाच्या कालखंडाचं दुसरं वर्ष. हेइसेइचा आकडा १९८८ मध्ये मिळवायचा असतो, म्हणजे १९९०. भाषांतर करणाऱ्याने दोनचे ब्याण्णव केले होते. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवरची बनावटीची तारीखही १९९० चीच निघाली. वर्षाचा प्रश्न तिथेच संपला.

इंजिनच्या रकान्यात आरबी२०, क्षमता १.९९ लिटर, मॉडेल ई-एचसीआर३२. सुरुवातीचं ई हे प्रदूषण नियमाचं अक्षर, इंजिनशी त्याचा संबंध नाही. मी शोधत होतो ते एक कांजी अक्षर. जपानमध्ये मोठा फेरफार करून तो रीतसर मंजूर करून घेतला की मॉडेलच्या कोडाच्या शेवटी "काइ" हे अक्षर लागतं, बदललेली गाडी या अर्थाचं. दुसऱ्या घराण्याचं इंजिन बसवलं तर इंजिनाचा रकाना आणि लिटरचा आकडाही बदलतो. इथे काइ नव्हतं. त्यावरून एवढंच कळलं की मंजूर होऊन नोंदलेला फेरफार नाही. न नोंदवता केलेला फेरफार, किंवा जपान सोडल्यावर झालेला फेरफार, या कागदावर दिसणारच नाही.

या कागदावरचे खरे कामाचे दोन आकडे लोक वाचतच नाहीत. एक मॉडेलच्या मंजुरीचा पाच अंकी क्रमांक, दुसरा वर्गवारीचा चार अंकी क्रमांक. एकाच कोडाखाली निसानने जेवढे प्रकार मंजूर करून घेतले, त्यातला नेमका कोणता हे वर्गवारीचा क्रमांक सांगतो. जपानमध्ये पार्टचं दुकान हेच दोन आकडे विचारतं. इंग्रजी प्रतीत ते शेवटच्या भागात, लांबी-रुंदी आणि ॲक्सलवरच्या वजनांच्या आसपास असतात. दिसायला निरुपयोगी, म्हणून सुटतात. मित्राच्या प्रतीवर नेमकं तिथेच घडीचं भोक पडलं होतं. चारपैकी दोन अंक गेले होते.

म्हणून पाटीकडे वळलो. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर निसानची पत्र्याची पाटी असते. तिच्यावर मॉडेल, चेसिस नंबर, रंग आणि आतली सजावट, गिअरबॉक्स आणि ॲक्सल, इंजिन, अशा ओळी असतात. हीच पहिली वाचायला हवी होती. पण खालच्या दोन ओळींवर कधीतरी ब्रेक फ्लुइड सांडलं होतं. रंग उडून पत्रा भुरका झाला होता, वर गंजाचे ठिपके. विकणाऱ्याने "ती वाचता येत नाही" असं सांगितलं होतं आणि मित्राने ते मान्य केलं होतं.

मूल्यं पाटीवर छापलेली नसतात, ठोकलेली असतात. रंग गेला तरी खड्डे राहतात. मी मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी वापरलं. सँडपेपर किंवा वायरब्रश अशा जागी लावू नये, खड्ड्यांच्या कडाच जातात. पाटी कोरडी केली, गॅरेजचा दिवा बंद केला आणि टॉर्च पाटीला जवळजवळ समांतर धरला. समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट दिसतं. बाजूने टाकला की प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते. इंजिनाच्या ओळीत आर, बी, २, ० दिसले. पुढे डी. त्याच्यापुढे ई. त्याच्यापुढे मोकळा पत्रा आणि मग १९९८.

मित्र म्हणाला, "टी गंजात गेला असेल." शंका रास्त होती. मग पातळ कागद पाटीवर चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली, चेसिसचा ठसा काढतात तशी. तीन ठसे काढले. तिन्हीत ई नंतरची जागा एकसारखी राखाडी आली, खड्ड्याची पांढरी रेघ नाही. वरच्या ओळीत गिअरबॉक्सचा कोड आरई४ ने सुरू होत होता.

हे मला अपेक्षित नव्हतं. निसानच्या कोडांत पाच गिअरचा मॅन्युअल एफएस५ ने सुरू होतो. आरई४ म्हणजे चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ऑटोमॅटिक. म्हणजे गाडी जन्माला आली ती बिनटर्बोची आणि ऑटोमॅटिक. आणि आमच्या समोर उभी होती टर्बोची मॅन्युअल.

एकदा कुठे बघायचं ते कळलं की खुणा दिसायला लागतात. क्लचच्या मास्टर सिलिंडरसाठी फायरवॉलला भोक होतं, त्याची कड हाताने कापलेली, वर ब्रशने काळा रंग. डॅशखाली टेपने गुंडाळलेले दोन प्लग कशालाच न जोडलेले. वायरिंगच्या नकाशावर शोधले तेव्हा ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचे निघाले. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपसाठी मडगार्डच्या आतल्या पत्र्यालाही कापलेलं भोक होतं, पण ते मी पुराव्यात धरलं नाही. मूळच्या टर्बो गाडीलाही मोठा इंटरकूलर पुढे बसवताना अशी भोकं पाडतात. इंजिनच्या कॉम्प्युटरवरचा २३७१० ने सुरू होणारा पार्ट नंबर तपासला तर तो टर्बोच्या जीटीएस-टीचा होता. तोही इंजिनच्या जन्माबद्दल काही सांगत नाही. कॉम्प्युटर दोन स्क्रू आणि एका प्लगवर असतो, कोणीही बदलतो.

मित्र आता वेगळीच आशा धरून होता. "समजा मूळच्याच डीई इंजिनाला नंतर टर्बो लावला असेल. मग ब्लॉक तरी मूळचाच ना?" प्रश्न चांगला होता आणि तो विचारल्याशिवाय तपास पूर्ण होत नव्हता. असं करतातही. ब्लॉकवरचा ठसा दोन्हीकडे सारखाच, म्हणून उत्तर आत बघूनच मिळणार होतं.

डीईटीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं त्याचं प्रमाण, ८.५ ला एक आहे. बिनटर्बोचं त्याहून बरंच जास्त. हे कमी कॉम्प्रेशन मिळवायला टर्बोच्या पिस्टनचा माथा खोलगट असतो. स्पार्क प्लग काढून प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडला. तिसरा रविवार यातच गेला, कारण पहिल्या दोन सिलिंडरमध्ये काजळी इतकी होती की काहीच समजेना. चौथ्यात पिस्टन खाली नेऊन कॅमेरा वळवला तेव्हा खोलगट वाटी स्पष्ट दिसली. सहाव्यातही तशीच. मग बाकीचे. सहाही पिस्टन टर्बोचे. मूळचं इंजिन उघडून कोणी सहा पिस्टन बदलून, टर्बो लावून, शिवाय गिअरबॉक्सही बदलतो असं होऊ शकतं, पण सबंध डीईटी आणि गिअरबॉक्स एकत्र उचलून बसवणं कितीतरी सोपं आहे. कापलेली भोकं, सुटे प्लग, पाच बोल्टचे हब, चार पिस्टनचे कॅलिपर, सगळं एकाच मोठ्या कामाकडे बोट दाखवत होतं. मी अहवालात "इंजिन पूर्ण बदललेलं" असंच लिहिलं.

ते इंजिन कोणत्या गाडीतून आलं, हे सांगता येत नाही. रुपेरी कव्हरचं आरबी२०डीईटी फक्त स्कायलाइनमध्ये नव्हतं. ए३१ सेफिरो आणि सी३३ लॉरेलमध्येही तेच घराणं होतं, तिथे २०५ अश्वशक्तीचं. दात्या गाडीचे कागद नसतील तर ब्लॉकच्या सहा आकड्यांवरून पुढे जाता येत नाही, आणि जाता येतं असं दाखवूही नये.

शेवटी निसानच्या पार्ट कॅटलॉगमध्ये, ज्याला फास्ट म्हणतात, पूर्ण चेसिस नंबर टाकला. १९९० ची बनावट, आरबी२०डीई, ऑटोमॅटिक. पाटीशी जुळलं. ब्रेक पॅडचं दुकान दोन्ही वेळा याच नोंदीवरून पार्ट पाठवत होतं. मित्राने विचारलं की हे पहिल्याच दिवशी का नाही केलं? करायला हवं होतं, हे मी मान्य केलं. मात्र कॅटलॉग एकटा असता तर विकणारा "कॅटलॉगमध्ये चूक आहे" म्हणाला असता, आणि आमच्याकडे उत्तर नसतं. पाटीचा ठसा समोर ठेवल्यावर तसं म्हणायला जागा उरली नाही.

विकणाऱ्याशी बोलणं झालं. मला वाटतं त्यानेही गाडी अशीच विकत घेतली होती आणि ऐकलेलंच पुढे सांगितलं होतं. त्याने काही रक्कम परत केली. गाडी मित्राने ठेवली. मला ते योग्य वाटलं. इंजिन निरोगी होतं, काम करणाऱ्याने नीट केलं होतं, बॉडी सरळ होती. फक्त ती टाइप एम नव्हती, आणि मूळच्या टाइप एमचं मूल्य तिला लावणं चूक होतं. विम्याच्या कागदात त्याने मॉडेल जीटीएस आणि पुढे इंजिन व गिअरबॉक्स बदललेले असं लिहून घेतलं. ते न लिहिता अपघात झाला असता, तर दावा अडकला असता.

आता ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन रकान्यांचा कागद आहे. डावीकडे चेसिस नंबर देऊन मागवायच्या वस्तू: काचा, दारांची रबरं, दिवे, हायकासचे भाग, आतली सजावट. उजवीकडे जीटीएस-टी टाइप एमच्या नावाने मागवायच्या: पॅड, डिस्क, हब, क्लच, टर्बोच्या तेल-पाण्याच्या नळ्या, सेन्सर. रेडिएटर मधल्या रेघेवर लिहिलाय, कारण तो कोणत्या गाडीचा आहे ते अजून मोजायचं आहे. पॅड उजव्या रकान्यातून मागवले आणि पहिल्याच वेळी बसले.